भाड्याचे अश्रू

एव्हारिस्तने वकील दोब्रेंचं व्यंगचित्र काढलं. वटवाघळासारखा पसरलेला काळा झगा आणि गालांवरून ओघळणारे टपोरे अश्रू. खाली दोनच शब्द लिहिले, ‘भाड्याचे अश्रू’. पॅरिसभर छापचित्रांच्या दुकानांत ते काचेमागे झळकलं आणि लोक पोट धरून हसले.

महिन्याभराने तो नव्या चित्रासाठी कोर्टात जाऊन बसला. चोरीचा खोटा आळ आलेल्या झेली नावाच्या धोबिणीची बाजू तेच दोब्रे मांडत होते. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, तसे निकाल देणारे पंच एकमेकांना कोपरानं ढोसत खुसुखुसू हसू लागले. झेलीला पाच वर्षांची सजा झाली. एव्हारिस्तच्या कागदावर एक रेघही उमटली नव्हती.

शिपाई तिला घेऊन निघाले तेव्हा तो ओशाळून पुढे झाला. "बाई, दुसरा वकील नाही का मिळाला तुला?"

"मीच शोधत गेले यांच्याकडे, साहेब," ती म्हणाली. "दुकानात यांचं चित्र लावलं होतं. खाली काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.

पण म्हटलं, गरिबासाठी रडणारा एक तरी वकील आहे."