स्पष्ट की सलग

शर्वाणीला सांगून आलेलं चंद्रावरचं स्थळ बघायला सगळे टीव्हीसमोर बसले आणि तिच्या आत्याने पडद्यावरची पट्टी थेट ‘स्पष्ट’च्या टोकाला सरकवली. तिकडून येणारं चित्र एक तर स्पष्ट बघता यायचं, नाहीतर सलग. दोन्ही एकदम मिळत नसे.

मुलाच्या, म्हणजे निनादच्या, मिशीचा केस न् केस दिसत होता. पण तो आत्ता बसलेला असायचा आणि पुढच्या चित्रात एकदम उभा.

“नाक सरळ आहे, डोक्यावर केसही शाबूत आहेत,” आत्या म्हणाली. “मला पसंत आहे बाई.”

“आत्या, हा तर नुसता फोटो झाला!” शर्वाणीने पट्टी ‘सलग’कडे ढकलली.

निनादच्या चेहऱ्याचा पार लगदा झाला. आत्याने कपाळावर हात मारला. पण तो लगदा आता हलत होता. पोह्यांचा ट्रे घेऊन त्याची आई आली, तसा तो लगबगीने उठला, ट्रे आपल्या हातात घेतला, आईला खुर्चीत बसवलं आणि पहिली बशी तिलाच दिली. तेवढ्यात एक शेंगदाणा उडाला. चंद्रावरच्या रीतीप्रमाणे तो सावकाश खाली येऊ लागला, आणि निनादने मान वर करून तो अलगद तोंडात झेलला. मग समोर कॅमेरा आहे हे आठवून घाईघाईने ताठ बसला.

शर्वाणी खुदकन हसली. “मला पसंत आहे.”

“अगं, त्या लगद्यात तुला दिसलं तरी काय?”

“चेहरा सोडून सगळं,” शर्वाणी म्हणाली. “तो बघेन अंतरपाट दूर झाल्यावर.”