मिनिटाला चौदा

कोषातून निघालेल्या बिबळ्या कडव्याचे पंख वाळायला तासभर लागतो. तोवर ते फुलपाखरू पंख उघडत, मिटत बसतं. प्रत्येकाची लय वेगळी असते. नांदेडच्या या घरात मी तीन वर्षं रुईच्या पानांवर ही फुलपाखरं वाढवतेय आणि वहीत नोंदी ठेवतेय.

आज सकाळी अकरा निघाली. अकराही खुंटीवरच्या सदऱ्यावर, छातीपाशी जाऊन बसली. पंख एकदमच उघडत होती, एकदमच मिटत होती.

सदरा यजमानांचा. ते गेल्यावर तेराव्याला तो कुणाला तरी द्यायला हवा होता. मी दिला नाही.

"वहिनी, लातूरला येणार का न्हाई, एकदाचं सांगून टाका," दीर वैजनाथ दारातून म्हणाले. "तीन वर्षं झाली इचारून राहिलो. तुमच्या किड्यांना बी एक खोली देतो, मग तर झालं?"

मी घड्याळ लावून पंखांचं उघडणं-मिटणं मोजलं. मिनिटाला चौदा. पुन्हा मोजलं, चौदाच. शेवटच्या आजारात यजमानांचे श्वास मी रोज मोजायचे. झोपेत ते चौदा असायचे.

खिडकी बंद होती, छताचा पंखाही बंद होता. तरी सदऱ्याची छाती त्या लयीत वर येत होती, खाली जात होती.

"वहिनी?"

अकराही पंख उघडे ठेवून थांबली. सदराही फुगलेला तसाच थांबला.

मी वही मिटली.

"अहो," मी सदऱ्याला म्हणाले, "मी लातूरला चाललेय. तुम्ही इथंच राहा."