नांगराचा गाडा
पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात झरीच्या नागनाथचा डावा हात ट्रॅक्टरच्या लोखंडी नांगराखाली चेंगरला. जखम भरली, पण बोटांत जोर उरला नाही. ट्रॅक्टर चालवता येई. नांगर हलवून मागं जोडायला मात्र चार माणसं लागत. रोज कुणाच्या दारात जायचं? त्यानं ट्रॅक्टर विकायला काढला. त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, मोडक्या मळणीयंत्राची चाकं आणली आणि पंडित सुताराकडून बाभळीचा बुटका गाडा करवून घेतला. "वयनी, एवढं वजन पेलंल?" सुतारानं विचारलं. "अख्खं मळणीयंत्र पेललंय ह्या चाकांनी," ती म्हणाली. शेजाऱ्यांनी नांगर उचलून गाड्यावर ठेवला. "तुमाला परत तसदी न्हाई, सोडताना ट्रॅक्टरच नांगर गाड्यावर उतरवंल," तिनं सांगितलं आणि नागनाथला म्हणाली, "ढकला." त्यानं एका हातानं ढकललं. नांगर सरळ ट्रॅक्टरपाशी गेला. दुपारी मानवतचं गिऱ्हाईक आलं. "ट्रॅक्टर कुठाय?" रुख्मिणीनं चहा दिला. "रानात. मालक नांगरायलेत."