बुरुजातली खोली

विद्यापीठाच्या किल्ल्यासारख्या जुन्या इमारतीत बुरुजातली खोली माझी होती. नवे विभागप्रमुख आले, त्यांनी ती घेतली आणि मला तळघरात पाठवलं. "पुस्तकी किड्याला उजेड कशाला? आणि तुम्हाला भेटायला येतं तरी कोण?" सगळे हसले. मीही हसलो.

वर्षं गेली. इमारतीच्या जतन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, तेव्हा सर कठडा धरत तळघरात उतरले.

"गुडघ्यांनी दगा दिला हो. बुरुजाला लिफ्टची परवानगी तेवढी द्या."

"इमारत ऐतिहासिक आहे, सर. खिळासुद्धा ठोकता येणार नाही," मी चाचरत म्हणालो.

"मग मी रोज वर चढू कसा?"



"चढता कशाला? इथेच बसा. तुम्हाला भेटायला येतं तरी कोण?"