देणगीचं कपाट

वृषालीच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. माझ्यानंतर गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल तीच. ‘सर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती टाकणार आहेत. तुमचा ग्रंथसूचीचा प्रोग्राम टिकेल ना?’

टिकणार नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी तो मी लिनक्सच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, स्वतःच्या फाइलींतच ठेवला होता. नव्या आवृत्तीत पुसलाच गेला असता. हे कोणत्या तोंडानं कळवणार?

“उत्तराला मुहूर्त काढताय का?” बायकोनं विचारलं. मी चूक सांगितली. “अहो, देणगीची पुस्तकं वाचनालयाच्या पुस्तकांत मिसळू नका, वेगळ्या कपाटात ठेवा, हे सगळ्यांना बजावणारे तुम्हीच ना?”

मी ओशाळून लिहायला बसलो. ‘चूक माझी. लिनक्समध्येही तसं कपाट आहे, ऑप्ट नावाचं फोल्डर. बाहेरून आणलेला प्रोग्राम तिथं ठेवला की आवृत्ती बदलताना त्याला हात लागत नाही. येत्या सोमवारच्या आत माझा तिथं हलवून घे.’

बुधवारी पोस्टात गेलो. “साधं की स्पीड पोस्ट, आजोबा?”

“स्पीड पोस्ट,” मी म्हणालो. “आधीच उशीर केलाय मी.”