पंचवीस डिग्री

वडवणीजवळच्या मळ्यात जीवननं रेशमाच्या अळ्यांसाठी शेड बांधलं. अळ्यांना पंचवीस डिग्री गरमी लागते, म्हणून थंडीत हीटर दिवसरात्र चालायचा. मग त्यानं पत्र्यावर हातभर उसाचं पाचट अंथरलं, जाळीला आतून पोत्यांचे पडदे लावले, तसं निम्मा वेळ हीटर लावूनच भागायला लागलं. अळ्यांना रोग लागू नये म्हणून दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. त्यात पाय बुडवल्याबिगर घरच्या माणसालाही आत येऊ देत नसे.

पाचट शेडपुरतंच निघालं. राहत्या दोन खोल्यांचे पत्रे उघडेच राहिले.

सव्वा महिन्याची पोर घेऊन त्याची बायको अंजना माहेराहून आली अन् थंडी लई वाढली. शेगडीची सगळी ऊब पत्र्यातून निघून जायची, पहाटे त्याच पत्र्याचं पाणी गोधडीवर ठिबकायचं.

"थोडं पाचट हिकडं बी टाका की."

"कोष निघू दे, मग बघू," जीवन म्हणायचा.

एका सकाळी तो तुतीचा पाला घेऊन शेडात शिरला, तर दोन रॅकांच्या मधे लुगड्याची झोळी टांगलेली. खाली अंजना बसलेली. झोळीत पोर मुठी सैल सोडून गाढ झोपली होती, कितीतरी दिवसांनी.

जीवननं आधी अळ्यांवर नजर फिरवली.

"पाय बुडवून आलीस का?"

"म्या बुडवले," अंजना म्हणाली. "हिचे अजून भुईला टेकले न्हाईत."