बाळ येशूच्या पोटातला कापूस

“ते बाळ राहू दे. त्याचं मी करीन,” सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण माझी कात्री आधीच चालली होती.

नाताळच्या गोठ्यासाठी त्यांनी क्रोशाने विणलेल्या मेंढ्या, मेंढपाळ, तारे, सगळ्यांची डागडुजी मी सकाळपासून करत होते. जुना कापूस काढायचा, नवा भरायचा, शिवून धाग्याचं टोक आत दडवायचं. बाळ येशू मात्र त्या कुणाच्याच हाती देत नसत. त्याचं पोट गाठीगाठींचं झालं तरी नाही. आपल्याशिवाय कुणाला काही जमत नाही, हा त्यांचा जुनाच तोरा. यंदा म्हटलं, दाखवूनच देते.

उसवलेल्या पाठीत बोट घालून मी कापसाचा गोळा ओढला. त्यातून एक लोकरीचा मोजा बाहेर आला. पांढरा, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा.

सासूबाई हात पुसत दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि मोजा हातात घेतला.

“रेमंडचा?” मी नवऱ्याचं नाव घेतलं.

“रेमंडच्या आधीचा. नाताळच्या आदल्या दिवशी झाला. संध्याकाळी गेला.”

रेमंड या घरातला थोरला, असंच मी लग्नापासून ऐकत आले होते.

“आणि याच्या जोडीचा?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तेव्हा तो एकच विणून झाला होता. तोच घालून नेलं त्याला. हा पुरा होईपर्यंत कुणी थांबलं नाही.”